आजोबांच्या खोलीतला सकाळचा पाहुणा

"अरे, उभा का? बस ना," वरच्या खोलीत आजोबा कुणाला तरी म्हणत होते.

जिन्यातली तिन्ही मुलं थबकली. सगळ्यात पुढे भिंगरी. एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ, म्हणून हे नाव. तिच्यामागे तिचा धाकटा भाऊ, जो कायम तिच्यामागेच असतो आणि म्हणून ज्याला सगळे शेपूट म्हणतात. शेवटी मामेभाऊ ढापण्या, जाड चष्मा आणि त्याहून जाड पुस्तक घेऊन. थंडीची सुट्टी होती, मामाच्या घरी मुक्काम होता आणि आज टेकडीवर जायचं ठरलं होतं. आजोबांना सांगून निघायचं तेवढं बाकी होतं.

"कोण आलंय?" शेपूटने विचारलं.

"कुणी नाही," ढापण्या हळूच म्हणाला. "हे रोजचंच आहे."

आजोबांची खोली शेडच्या बरोबर वर होती आणि खाली शेडमध्ये मामाची जुनी गाडी सुरू होती. जागच्या जागी नुसती थरथरत होती. धड-धड-धड-फुस्स, धड-धड-धड-फुस्स. त्या तालावर आजोबांच्या दाराची कडी किणकिणत होती.

भिंगरीने दार ढकललं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. आजोबा पलंगावर बसून कपाटाशेजारच्या कोपऱ्याकडे बघत होते आणि हसत होते. कोपऱ्यात काहीच नव्हतं.

"ये गं," ते म्हणाले. "हा बघ माझा धाकटा भाऊ. किती दिवस सांगतोय, बस म्हणून. ऐकतच नाही."

आजोबांचा धाकटा भाऊ बारा वर्षांचा असताना तळ्यात बुडाला होता. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. भिंगरीच्या अंगावर सरसरून काटा आला आणि टेकडी राहिली बाजूलाच.

स्वयंपाकघरात मामी डोळे पुसत होती आणि चहा उतू जात होता.

"पावसाळा संपल्यापासून चाललंय हे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, वय झालं, भ्रम होतात."

"मला काय हौस आहे?" मामा तावातावाने म्हणाला. तो गाडी तापेपर्यंत चहा प्यायला घरात आला होता. "उद्या भ्रमात गॅलरीतून खाली गेले तर? सोमवारी अण्णांना वृद्धाश्रमात पोचवायचं ठरलंय. तिथे रात्रंदिवस माणसं असतात."

आता गंमत बघा. दुपारी हेच आजोबा अंगणातल्या उन्हात बसून ढापण्याशी बुद्धिबळ खेळले आणि त्याचा वजीर असा काही उचलला की ढापण्या चष्मा पुसतच राहिला. सकाळी वेड आणि दुपारी एवढं डोकं! असलं म्हातारपण भिंगरीने कधी पाहिलं नव्हतं.

"आजोबा, तुम्हाला जायचंय का तिथे?" तिने सरळ विचारलं.

आजोबांनी प्यादं हातात फिरवलं. "नाही गं. ही खोली सोडून मला कुठेच जायचं नाही. पण काय करू? माझा माझ्यावरच भरवसा उरला नाही."

भिंगरी त्यांच्याजवळ सरकली. "तो रोज येतो?"

"रविवारी तेवढा येत नाही."

"भुतांनाही सुट्टी असते वाटतं," शेपूट म्हणाला. त्याला ढापण्याने चिमटा काढला, पण भिंगरी मात्र विचारात पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही आजोबांच्या खोलीत दबा धरून बसले. भिंगरी दारामागे, ढापण्या टेबलाजवळ आणि शेपूट आजोबांच्या पांघरुणात, कारण भूत पांघरुणात शिरत नाही असं त्याचं ठाम मत होतं. खाली शेडचं दार लागल्याचा आवाज आला. मग गाडी खोकली, गुरगुरली आणि थरथरू लागली.

धड-धड-धड-फुस्स.

टेबलावरच्या पेल्यातलं पाणी शहारलं. खिडकीची काच बारीक आवाजात वाजू लागली. बराच वेळ काहीच झालं नाही. भिंगरीचं कपाळ ठणकायला लागलं. भिंत जरा जवळ आल्यासारखी वाटली. तिने डोळे चोळले. खुंटीवर आजोबांचा कोट होता, आणि त्या कोटाची बाही सावकाश वर उचलली जात होती.

"ताई," शेपूट कुजबुजला, "पलंगाखाली कुत्रा श्वास घेतोय."

"कपाटातून मला कुणीतरी हाक मारतंय," ढापण्या म्हणाला. त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा वाटत होता.

"आलास?" आजोबा कोपऱ्याकडे बघून म्हणाले.

भिंगरीला ओरडायचं होतं, पण जीभ उचलेना. पाय तर कापसाचे झाले होते. तरी तिने दाराची कडी चाचपली, दार उघडलं, शेपूटला ओढलं आणि दोघांनी मिळून आजोबांना धरून गॅलरीत आणलं. ढापण्या मागून रांगतच बाहेर आला आणि कुंडीत भडाभडा ओकला.

बाहेर गार वारा होता. सगळे कठड्याला धरून धापा टाकत राहिले. थोड्या वेळाने खाली गाडी फाटकातून बाहेर पडली आणि घर एकदम शांत झालं.

"मी इथे कसा आलो?" आजोबांनी विचारलं.

डोकं थोडं ताळ्यावर आल्यावर भिंगरी म्हणाली, "मला कोट दिसला. ह्याला कुत्रा. तुला कपाटातून हाक आली, आणि आजोबांना भाऊ. खोलीत भूत एकच होतं ना? मग चौघांना चार तऱ्हांचं कसं?"

"आणि भुताने मला ओकायला का लावलं?" ढापण्या कण्हला.

ज्या दिवशी गाडी, त्या दिवशी भूत. रविवारी मामाला सुट्टी, गाडी बंद, भूतही बंद. भिंगरी तडक शेडमध्ये धावली. तिने दोन्ही दारं सताड उघडली आणि आत हवा खेळू दिली. भिंतीवर काजळी होती. तेलाचा आणि पेट्रोलचा वास कोंडला होता. छपराच्या फळ्यांतून पाण्याचा पाइप वर गेला होता आणि पाइपाभोवती मूठ जाईल एवढी फट होती. ती उघडत होती थेट आजोबांच्या पलंगाखाली.

भिंगरीच्या बाबांचं गॅरेज होतं. सुट्टीच्या दुपारी पाने-पक्कड उचलून देता देता तिने बाबांची बडबड ऐकलेली होती. "इंजिनातले चार सिलिंडर म्हणजे चार भाऊ," ते म्हणायचे. "एक रुसला की बाकीचे तिघं धडपडतात, आणि गाडी उभ्या उभ्या थरथरते." बंद जागेत कुणी इंजिन चालू ठेवलं तर बाबा स्वतःच्या कामगारांनाही झापल्याशिवाय सोडायचे नाहीत.

"कार्बन मोनॉक्साइड," ढापण्या आपल्या जाड पुस्तकातून बघून म्हणाला. "वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, भास होतात. जास्त झाला तर माणूस झोपेतच..." त्याने पुस्तक मिटलं.

संध्याकाळी भिंगरीने सगळं मामाला सांगितलं. मामा हसला.

"उचलली जीभ, लावली टाळ्याला. वीस वर्षं चालवतोय मी ही गाडी. पावसाळा संपल्यापासून सकाळी कुरकुर करते, म्हणून तापू देतो जरा. आणि शेजारी आवाजाची तक्रार करतात, म्हणून दार लावतो. तुझ्या बाबांनी शिकवलं वाटतं हे?"

बाबांचं नाव निघालं आणि संपलंच सगळं. बाबांनी एकदा त्या गाडीला भंगार म्हटलं होतं, तेव्हापासून त्या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

"सांगून पटत नसेल तर दाखवू या," भिंगरी बाकीच्या दोघांना म्हणाली. मामा अंघोळीला गेल्यावर तिने गाडीचं बॉनेट उचललं आणि एका गोल झाकणाखालून अंगठ्याएवढा तुकडा काढून खिशात टाकला. त्याला रोटर म्हणतात. प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटायचं काम त्याचं. तो नसला की गाडी नुसती कण्हते.

सकाळी गाडी नुसती कण्हली. मामाने तिला नाही नाही ते ऐकवलं आणि पाय आपटत चालत गेला. वर आजोबा उठले, कोपऱ्याकडे बघितलं आणि चहा मागितला. दुसऱ्या दिवशीही तेच. मामी हातात चहा घेऊन दारातच उभी राहिली.

"अहो," ती खाली येऊन, निघायच्या तयारीत असलेल्या मामाला म्हणाली, "अण्णा आज दूधवाल्याचा हिशोब चुकला म्हणून मला रागवतायत. अगदी पूर्वीसारखे."

भिंगरीने खिशातला रोटर मामाच्या तळहातावर ठेवला.

मामा लालबुंद झाला. "कार्टे, तू..."

"दोन दिवस गाडी नाही आणि दोन दिवस पाहुणा नाही," भिंगरी म्हणाली. "मामा, एकदाच बॉनेटखाली बघू या. मी चुकले तर मला घरी पाठव, आजोबांना नको पाठवू."

मामाने रोटर खिशात टाकला. मग त्याने गाडी ढकलत अंगणात आणली. भिंगरीने सांगितल्याप्रमाणे त्याने प्लग खोलले. चारही काळेकुट्ट निघाले, आणि एक तर काजळाच्या डबीत बुडवल्यासारखा.

"हा रुसलेला भाऊ," भिंगरी म्हणाली. "ह्यांना पेट्रोल भरपूर मिळतंय, हवाच मिळत नाही. धड जळत नाही आणि विषारी धूर होतो. हवा आत कुठून जाते?"

मामाने एअर फिल्टरच्या तोंडाकडे बोट दाखवलं, आणि ते बोट तसंच राहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने त्या नळीत दोन बोटं घातली आणि ओढलं. आतून फडकं येऊ लागलं. येतच राहिलं.

"पावसाळ्यात गाडी उभी होती ना," तो पुटपुटला. "उंदीर शिरू नयेत म्हणून मीच बोळा कोंबला होता. काढायचा राहिला."

मामीने तोंडाला पदर लावला.

प्लग घासून, रोटर बसवून मामाने उघड्या अंगणात गाडी सुरू केली. ती एकदा खोकली आणि मग संथपणे चालू लागली. फुस्स नाही, थरथर नाही. मामाने लगेच बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"अण्णांना वेडं ठरवलं मी," तो म्हणाला, "आणि विष मीच देत होतो."

तो वर गेला. बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा डोळे सुजले होते. त्याने आधी वृद्धाश्रमाला फोन करून नाही सांगितलं, आजोबांच्या रक्ततपासणीसाठी डॉक्टरांना बोलावलं आणि मग भिंगरीच्या बाबांना फोन लावला. "तुमची पोरगी तुमच्याहून हुशार आहे," असं तो त्यांना म्हणाला. मामाच्या तोंडून बाबांसमोर एवढं कौतुक आजवर निघालं नव्हतं. डॉक्टरांनी तिघांचीही पाठ थोपटली. ढापण्याने पुस्तक छातीशी धरून रुबाबात मान हलवली आणि शेपूटने खाऊ मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी एकटीच वर गेली. पाइपाची फट सिमेंटने बुजवली होती, खिडक्या उघड्या होत्या, पडदे हलत होते. आजोबा कोपऱ्याकडे बघत बसले होते. ती दारातच थबकली.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "नाही आला. येणार नाही हे कळतंय मला. शाबास, पोरी. तुझ्यामुळे मी माझ्या घरात राहिलो." त्यांनी पुन्हा कोपऱ्याकडे पाहिलं. "पण तो दुसऱ्यांदा गेला गं. सत्तर वर्षांनी दिसत होता मला, तसाच्या तसा. धुरातून का असेना, पण दिसत होता."

भिंगरीने खुर्ची ओढली आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्यात, जिथे तो म्हणे उभा राहायचा, तिथे जाऊन बसली.

"कसा होता तो, आजोबा?"

आजोबांनी डोळे बारीक केले. "तुझ्यासारखाच. एका जागी टिकायचा नाही. एकदा काय झालं..."

एका जागी दोन मिनिटं न टिकणारी भिंगरी त्या दिवशी जेवणाची हाक येईपर्यंत तिथून उठली नाही.