दुसऱ्या भागातली मुलगी

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरचा हात कधी रिकामा नसे आणि डोकं कधी ठिकाणावर नसे, असं त्याची बायको म्हणायची. ती गेल्यावर हे म्हणायला घरात एकच माणूस उरलं, पंधरा वर्षांची बिट्टी. खाली दुकान, वर दोन खोल्या. पोरगी महिनाभर छातीच्या दुखण्यानं, तापानं अंथरुणाला खिळलेली, आणि उशाशी तीन भागांच्या एका अद्भुत कादंबरीचे दोनच भाग.

तिसरा यायचाच नव्हता. लिहिणारी बाई दुसरा भाग छापून होताच वारली. आणि दुसऱ्याच्या शेवटी ती कंदीलवाली मुलगी डोंगराच्या पोटात, दगडी दारामागे कोंडलेली. हवा संपत आलेली. मधल्या भागांची ही खोडच असते मेली, वाचणाऱ्याचा जीव टांगून ठेवायचा. पण बिट्टीनं ते फारच मनाला लावून घेतलं. तिला तिथं ठेवून मी झोपू कशी, म्हणायची. शेवटी एका जुन्या वहीत तिनं स्वतःच बाहेर यायची वाट लिहून काढली. कुठला दगड दाबायचा, कितवं वळण टाळायचं, सगळं.

वाचून वाचून त्या दुसऱ्या भागाची पाठ उसवली, तेव्हा एका दुपारी बापानं तो दुरुस्तीला खाली नेला. पाठीला आतून रद्दी कागदाच्या पट्ट्या खळीनं चिकटवायच्या, म्हणजे ती धरते, ही बाइंडरांची जुनी रीत. पुस्तकाबरोबर खाली आलेली वही त्यानं रद्दी समजून कापली. पट्ट्या लावल्या, पुस्तक दाबायच्या शिकंज्यात घातलं आणि स्क्रू आवळला. जरा वेळानं आतून बारीक खरवडल्यासारखा आवाज येऊ लागला, ओल्या दगडाचा वासही आला. खळ सुकताना कागद कुरकुरतोच, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी बिट्टीनं वही मागितली. त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"पुन्हा लिही की, बाळा."

"आठवत नाही, बाबा... वाट होती, एवढंच आठवतंय."

सकाळी तो दूध घेऊन वर गेला, तर ती खिडकीशी उभी. श्वास मोकळा, गालांवर रंग. वळून तिनं त्याच्याकडे पाहिलं, अगदी अदबीनं.

"हे घर तुमचं का, काका?"

डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. तापानं विसर पडतो, येईल हळूहळू आठवण. शेजारीण म्हणाली, तुमची पुण्याई. पण समोरची पोर आपल्या पोटची नाही, हे बापाला कळत नाही होय? त्यानं खाली धावत जाऊन पुस्तकाची पाठ उकलली. पट्ट्या कोऱ्या होत्या. शाईचा टिपूससुद्धा नाही. मग शेवटचं पान उघडलं. छापील ओळींत दारामागची मुलगी आता खोकत होती आणि बाबांना हाका मारत होती. तो तिथंच फरशीवर बसून लहान मुलासारखा रडला.

मग कोरी वही घेऊन तो वर गेला आणि हात जोडून म्हणाला, वाट तुला ठाऊक आहे, तेवढी लिहून दे, दुसरं काही मागत नाही.

तिनं वही मिटून हळूच त्याच्याकडे सरकवली.

"ती वाट एकालाच बाहेर सोडते, काका... आणि मी परत जायची नाही."

लिहिणारी बाई मातीत, तिसरा भाग कुणाच्या डोक्यातही नाही. बाइंडरला सहीपलीकडे चार ओळी लिहिता येत नाहीत. तरी तो बाप आहे. रोज दुकान बंद करताना ते पुस्तक शेवटच्या पानावर उघडून टेबलावर ठेवतो. तेवढीच आत हवा जाईल.

रोज सकाळी ते त्याला शिकंज्यात सापडतं. स्क्रू इतका आवळलेला असतो की दोन्ही हातांनी झगडूनही सुटेस्तोवर संध्याकाळ होते.