थांब जरा, दूध उतू गेलं

कॉफीच्या मशिनसमोर उभा असलेला तो तरुण चुकीचं गात होता.

चुकीचं म्हणजे बेसूर नव्हे. सूर ठीकठाक होता, शब्दही बरोबर होते. “थांब जरा...” एवढं गुणगुणून तो थांबला, मशिनखाली कप सरकवला आणि तालात, लहान मुलीच्या बारीक आवाजात म्हणाला, “ताई, दूध उतू गेलं.” मग “शूऽऽ”. आणि मग गाण्याची पुढची ओळ, “...बोलू दे मला.”

दारात उभ्या असलेल्या टाचणीच्या हातातला कप तिरका झाला.

स्टुडिओत तिला सगळे टाचणीच म्हणायचे. टाचणी पडली तरी हिला ऐकू येते, अशी तिची ख्याती. जुन्या टेपांवरची खरखर शोधून पुसून टाकणं हे तिचं काम. सध्या तिच्याकडे ‘पाचजण’ची गाणी होती. पाच देखणी पोरं, पाच रंगांचे शर्ट. एके काळी शाळेतल्या निम्म्या मुलींच्या कंपासपेटीत त्यांचं चित्र असायचं. ते केव्हाच वेगळे झाले होते आणि त्यांची गाजलेली गाणी आता कंपनी एका संचात पुन्हा काढत होती. “थांब जरा” त्यातलं सगळ्यांत लाडकं.

“हे... मधलं काय होतं?” तिने विचारलं.

तो दचकला. “सवय आहे हो. आमच्या कॅसेटमध्ये ते तसंच होतं.”

“विकतच्या?”

“छे. मामेबहिणीकडून आलेली. तिला मैत्रिणीने दिलेली, मैत्रिणीला आणखी कुणी. सगळ्यांत आधी कुणीतरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणं भरून घेतलं असणार. आणि ‘थांब जरा’ म्हटल्यावर वाद्यं थांबतात ना, नेमकी तिथे एक चिमुरडी बोलली. मला वाटायचं गाणं तसंच आहे. शाळेत सगळ्यांसमोर तसंच गायलो मी.”

“मग?”

“मग काय, शाळा सोडेपर्यंत माझं नाव दूधवाला.”

टाचणी हसली खरी, पण त्याच्याकडे न पाहता. कारण ते घर तिचं होतं, रेडिओसमोर श्वास रोखून बसलेली ती ताई तिची होती, आणि ती चिमुरडी ती स्वतः होती.

“ती मुलगी एकदा भेटायला हवी,” दूधवाला कॉफी फुंकत म्हणाला. “एकच विचारायचंय. दूध वाचलं का?”

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण ती म्हणाली, “भेटेल... कधीतरी,” आणि रिकामा कप घेऊनच परत गेली.

दूधवाला कंपनीकडून आला होता. प्रत्येक गाणं ऐकून मंजूर करणं त्याच्याकडे. रोज तो तिच्या खोलीत येऊन बसायचा. खोली अशी, की बाहेरचा पाऊस काचेवर दिसायचा, ऐकू मात्र यायचा नाही. ऐकू यायची ती फक्त शेजारच्या खुर्चीची करकर आणि त्याचा श्वास.

“तिसऱ्या गाण्यात खरखर आहे,” तो एकदा म्हणाला.

“कुठे?”

“मध्ये कुठेतरी.”

“मध्ये कुठेतरी म्हणजे कुठे? जागा सांगा.”

“जागा... ऐकताना तुमच्याकडे पाहत होतो. राहून गेलं.”

तिने गाणं पुन्हा ऐकलं. पडद्यावर आवाजाची डोंगररांग उलगडून पाहिली. खरखर कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याला सातव्या गाण्यात घरघर ऐकू आली. तीही नव्हती. त्यानंतर पाचव्यात “कसलंसं काहीतरी”. टाचणी विज्ञान शिकलेली; एका नोंदीवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. पण तीन नोंदी एकाच दिशेला बोट दाखवायला लागल्यावर तिचे कान तापले.

एक खोट मात्र दोघांनाही खरीच वाटायची. मूळ टेपवर “थांब जरा”नंतर चार ठोके नुसती शांतता होती. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा टेप तुटलीय म्हणून टाचणी उठून यंत्र तपासायला गेली होती. आणि दूधवाला प्रत्येक वेळी त्या जागी मान वर करून म्हणायचा, “काहीतरी हरवलंय हो इथे.”

मग एके दिवशी स्टुडिओचे मालक आत आले. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. “शुक्रवारी मंजुरी हवी. याला कंपनीच्या दुसऱ्या ऑफिसात बोलावलंय. समुद्रापलीकडे. नशीबवान आहे लेकाचा.”

ते गेल्यावर टाचणीने पडद्यावरची नजर हलवली नाही. “जाणार?”

“अजून कळवलं नाही.” खुर्ची करकरली. “नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं ना.”

तिने तेच गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

संध्याकाळी तिने ताईला फोन लावला. ताई सगळं ऐकून आधी पोटभर हसली.

“मग सांग ना त्याला, वेडे.”

“त्याला ती चिमुरडी आवडते गं. इतकी वर्षं मनात बाळगलेली. मी म्हणजे... मशिनला कान लावून बसणारी बाई.”

“आणि तो रोज येऊन कोणाच्या शेजारी बसतो? चिमुरडीच्या?” ताईचा आवाज जरा मऊ झाला. “हे बघ, तुझ्यामुळे माझं रेकॉर्डिंग बिघडलं. आता निदान तुझं तरी जमू दे.”

शुक्रवारी टाचणीने छपाईला जायची स्वच्छ प्रत बाजूला ठेवली आणि दुसरी एक सीडी दूधवाल्याच्या हातात दिली. “ही... ही घरी जाऊन ऐका. एकटेच.”

“घरी कशाला? आत्ताच ऐकू,” मास्तर म्हणाले आणि त्याच्या हातातून घेऊन त्यांनी ती मोठ्या स्पीकरवर लावलीसुद्धा.

टाचणीने हात पुढे केला, मग मागे घेतला. पाच पोरांचे कोवळे आवाज खोलीभर पसरले. “थांब जरा...” वाद्यं थांबली. आणि त्या चार ठोक्यांत एक मोठ्या बाईचा आवाज, किंचित घोगरा, किंचित घाबरलेला: “ताई, दूध उतू गेलं.”

“शूऽऽ,” दूधवाला सवयीने म्हणाला.

आणि बोट ओठांवरच राहिलं.

“...बोलू दे मला,” पोरं गात राहिली.

मास्तरांनी गाणं बंद केलं. “दूध? कसलं दूध? टाचणी, हे तुला ऐकू आलं नाही?”

“आलं ना. मीच ठेवलंय.”

दूधवाल्याने बोट खाली घेतलं. तिच्याकडे तो असा पाहत होता, जणू ती इतके दिवस काचेपलीकडे होती आणि आत्ता अलीकडे आली.

“वाचलं का?” त्याने हळूच विचारलं.

“नाही. सगळं गेलं.” तिचा आवाज सीडीतल्यापेक्षा जास्त कापत होता. “आणि भांडंसुद्धा मलाच घासावं लागलं.”

मास्तरांनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “मंजूर आहे का ते तेवढं सांगा, म्हणजे मी छपाईवाल्यांना कळवतो.”

“संच मंजूर,” दूधवाला म्हणाला. नजर मात्र ढळली नाही. “आणि मास्तर, मी तिकडे जात नाहीये. कारण सापडलंय.”

“ते दिसतंय मला. मी कॉफी घेऊन येतो. तुम्ही तुमच्या दुधाकडे बघा.” दार बंद झालं. काचेवरून पाऊस आवाज न करता ओघळत होता.

टाचणी उगाचच सीडी काढायला वळली.

“थांब जरा,” तो म्हणाला. पहिल्यांदाच तुम्ही नाही, तू.

ती थांबली. चार ठोके गेले. या वेळी मध्ये कुणीच काही बोललं नाही.

“...बोलू दे मला.”