गालाबाहेरचा डोळा

समर्थने पोथीची पानं धुऊन आणली होती. पाण्याने नव्हे, कॉम्प्युटरवर… पण नम्रताच्या लेखी गुन्हा तोच.

नारायण पेठेतल्या त्या छोट्या प्रकाशनात पाचशे वर्षांपूर्वीच्या एका सोनेरी, सचित्र जैन पोथीची हुबेहूब प्रत निघत होती. छापायची पानं मुळाशी ताडून पाहणं हे नम्रताचं काम. नावात नम्रता, बोलण्यात नारायण पेठ. पानांचे फोटो छपाईसाठी तयार करणारा नेहमीचा माणूस ऐनवेळी आजारी पडला, म्हणून खराडीहून हा आला. एरवी लग्नाचे अल्बम सजवायचा. त्याच्या हातून आजवर एकही नवरी सावळी सुटली नव्हती.

"कीड कुठे गेली?" नम्रताने विचारलं.

"काढली!" तो अभिमानाने म्हणाला. "सगळी भोकं बुजवली. डागसुद्धा पुसले."

"शाबास. तिने शतकानुशतकं मेहनत घेतली, तुम्ही एका दुपारीत… आणि हे काय? या बाईचा दुसरा डोळा?"

"तो गालाच्या बाहेर आला होता हो. मी आत घेतला."

"अहो, त्या चित्रांत तो बाहेरच असतो!"

"पण असं डोळे बाहेर काढून कोण बघतं?"

"तुम्ही. आल्यापासून."

समर्थचे कान लाल झाले. नम्रताने ते मनातल्या मनात जमेच्या बाजूला मांडलं.

मूळ फोटो सुखरूप होते, पण रंग जुळवणं पुन्हा पहिल्यापासून आलं, तेही तिच्या शेजारी बसून, पानागणिक. तो रोज खराडीहून ट्रॅफिक कापत येऊ लागला. फाइल मेलवर पाठवता आली असती… त्याने ते सुचवलं नाही. तिनेही नाही.

"सोनं फार पिवळं झालंय."

"आता?"

"आता पितळ."

"तुम्हाला कधी काही आवडतं का हो?"

"आवडतं. सांगायची सवय नाही."

एकदा माउसवर दोघांचे हात एकदम गेले… आणि क्लिक कशावर करायचं होतं, ते कुणालाच आठवेना.

शेवटचं पान मंजूर झालं. समर्थ बॅग भरू लागला. उद्यापासून यायला काही कारण उरलं नव्हतं. बाहेर धो धो पाऊस, तरी हा निघालाच!

"एक खासगी काम होतं," नम्रताने आपला फोटो त्याच्या स्क्रीनवर टाकला. "रविवारी मला बघायला येणार आहेत. आई म्हणते, आधी फोटो पाठवू. नाक जरा… कमी करता येईल?"

तो फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

नुसतं बरं! नम्रताने सगळी जमा एका फटक्यात खोडली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मागे माउसची टिकटिक चालूच…

"बघा."

नाक होतं तेवढंच होतं. फोटोत तिच्या शेजारी मात्र समर्थ उभा होता — इस्त्रीच्या शर्टात, चांगलाच घाबरलेला.

"मुळात हा माणूस नाही," ती म्हणाली.

"नाहीये."

"मग ही भर कशी चालेल?"

"नसेल चालत तर काढा." त्याने माउस तिच्याकडे ढकलला. "मला… मला नाही काढवत."

नम्रताने फोटो नीट न्याहाळला. वरून खाली, खालून वर.

"मध्ये एवढी जागा कशाला सोडलीत?"

त्याने घाईघाईने फोटोतल्या स्वतःला तिच्याजवळ सरकवलं.

"फोटोत नाही हो," ती म्हणाली. "खुर्ची."