वाटेतला थांबा

पिलार आणि एलिसेओची पहिली भेट एका मयतामुळे झाली, पण मयताच्या घरी नाही... लोमीच्या, म्हणजे जाड शेवयांच्या गरम रश्श्याच्या, दुकानात.

लिपा गावावर बारीक पाऊस भुरभुरत होता. दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. पिलारच्या समोरची खुर्ची तेवढी रिकामी होती. छत्री झटकत एक उंच माणूस तिथं येऊन उभा राहिला.

"बसू का? तुम्हीही त्या किराणा दुकानदाराच्या मयतालाच होतात ना? सगळे रडत होते आणि तुम्ही खिडकीच्या कड्या तपासत होतात."

"आणि तुम्ही मेलेल्या माणसाच्या कानाशी कुजबुजत होतात," पिलार म्हणाली.

"मी न्हावी आहे. गावात कोणी गेलं की शेवटचे केस मीच कापतो. ते बोलतात माझ्याशी. मग उत्तर नको द्यायला?"

"काय म्हणाला दुकानदार?"

"डाव्या बुटात खडा टोचतोय म्हणाला."

पिलार हसली. आठ महिन्यांपूर्वी तिचा नवरा आर्सेनिओ बसच्या अपघातात गेला, त्यानंतर ती पहिल्यांदाच हसली होती. हसून झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला. तरी दुसऱ्या दिवशी, शवपेटी रीतीप्रमाणे अजून घरातच होती तोवर, तिनं जाऊन बूट उलटा केला. खडा निघाला, नदीकाठचा. दुकानदार कधी नदीवर जात नसे. पिलारसारख्या खासगी गुप्तहेराला एवढं धागादोरा म्हणून पुष्कळ होतं; आठवड्याभरात खुनी गजाआड गेला.

मयताच्या घरून निघालं की थेट आपल्या घरी जायचं नाही, ही तिकडची रीत. वाटेत कुठंतरी थांबायचं, दोन घास खायचे. म्हणजे मेलेला मागोमाग घरी येत नाही. लिपातलं शेंबडं पोरसुद्धा हे पाळतं. पिलारनं ते जन्मात एकदाच मोडलं होतं, आणि तेही समजून-उमजून. आर्सेनिओला पुरून ती तडक घरी गेली. नणंद हात धरून विनवत होती, "वहिनी, अगं निदान बेकरीपाशी तरी थांब." पण पिलारला तो मागोमाग यायलाच हवा होता. तेव्हापासून तो घरातच आहे, असं धरून ती जगत होती. पलंगाची डावी बाजू त्याची. संध्याकाळी दिवसभराच्या गोष्टी त्याला सांगायच्या. तिसऱ्या कोणाला त्या घरात जागा नव्हती.

त्या खड्यानंतर दोन वर्षांत पिलार आणि एलिसेओनं मिळून नऊ खून उलगडले. मेलेली माणसं फार किरकोळ बोलायची. भात करपतोय, पाठ खाजतेय, कोंबड्यांना दाणे घाला. उरलेलं काम पिलारचं. आणि प्रत्येक मयतानंतर दोघं लोमीच्या त्याच दुकानात थांबायची. जाड शेवयांच्या वाफाळत्या वाडग्यांपाशी अर्ध्या तासाचे दोन तास कधी व्हायचे, कळायचं नाही.

"एवढं व्हिनेगर ओततेस," तो म्हणायचा, "जीभ शाबूत आहे का तुझी?"

"आहे की. दोन शब्द सुनावून दाखवू का?"

"दोनच? आज तब्येत बरी नाही वाटतं."

हळूहळू पिलारला मयतांची... म्हणजे मयतानंतरच्या थांब्याची वाट बघायची सवय लागली. हे मनाशी कबूल करायला मात्र ती तयार नव्हती. साऱ्या गावाला आडवेतिडवे प्रश्न विचारणारी ही बाई एलिसेओला एकच प्रश्न विचारत नव्हती. मेलेले दिसणाऱ्या माणसाला तिच्या शेजारी आर्सेनिओ दिसत असणारच. तो काय म्हणत असेल?

मग बासिलिसा आजी गेली. जिन्यावरून पाय घसरला, असं पुतण्या रोहेलिओ म्हणाला. आजीची धाकटी बहीण पुरा हिला ते पटेना. खून झालेल्याच्या शवपेटीवर कोंबडीचं जिवंत पिल्लू ठेवतात. ते दाणे टिपतं तसं खुन्याचं मन टोचतं म्हणतात. पुरानं पिल्लू ठेवलं. रोहेलिओनं दोनदा ते उचलून अंगणात सोडलं. तिसऱ्या वेळी पुरानं पिलारला बोलावून घेतलं.

दुपारची वेळ होती. एलिसेओ म्हातारीचे पांढरे केस विंचरत होता.

"काय म्हणते?" पिलारनं हळूच विचारलं.

"तापलीय. म्हणते, माझ्या घरात झाडू कोणी फिरवला?"

"बस? एवढंच?"

"मेलेले खुन्यांची नावं सांगायला लागले तर तुला कोण विचारील?"

शवपेटी घरात असेपर्यंत झाडायचं नाही आणि केर तर उंबऱ्याबाहेर टाकायचाच नाही, नाहीतर घरात आणखी एक मरण येतं. खाली तीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांनी सोलून खाल्लेल्या कलिंगडाच्या बियांची टरफलं पायाखाली करकरत होती. पिलार वर गेली. सगळ्या खोलीत धूळ, फक्त देवाच्या कोनाड्यासमोरची जमीन लख्ख. कोनाड्यातली संताची मूर्ती गायब.

"रंगवायला दिलीय," रोहेलिओ दारातून म्हणाला.

"कोणाकडे?"

त्याला रंगाऱ्याचं नाव आठवेना. पिलारनं सारं घर धुंडाळलं. स्वयंपाकघरात पाण्याच्या रांजणामागे, पोत्याखाली, केराची सुपली सापडली. सुपलीत प्लास्टरचे तुकडे आणि एका तुकड्याला चिकटलेले पांढरे केस. आजी कॉफीची झाडं तोडू देत नव्हती आणि पुतण्याला जमीन विकायची होती. संताच्या मूर्तीनं चुलतीचं डोकं फोडायला तो कचरला नाही, पण केर उंबऱ्याबाहेर टाकायला कचरला. चार वाजता पोलीस त्याला घेऊन गेले.

पाच वाजता दोघं लोमीच्या दुकानात होती. बाहेर सरी येत-जात होत्या. पिलार खुशीत होती, पण एलिसेओ नुसता चमचा फिरवत होता.

"आजी अजून बोलतेय का कानात?"

"नाही. मीच बोलायचं म्हणतोय." त्यानं चमचा खाली ठेवला. "पिलार, माझं घर इथून उलट्या दिशेला आहे. आणि... मला लोमी आवडत नाही."

"दोन वर्षं खातोयस की."

"तुझ्यासमोर बसायला मिळतं म्हणून. मला तू आवडतेस, पिलार. हसण्यावारी नेऊ नकोस."

तिनं नेलं नाही. किती दिवस तिला हेच ऐकायचं होतं, आणि किती दिवस याचीच धास्ती होती.

"आधी एक सांग," ती म्हणाली. "आर्सेनिओ... माझ्याबरोबर असतो ना? तो काय म्हणतो?"

एलिसेओनं नुसतं 'त्याची हरकत नाही' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. तिनं डोळे मिटून विश्वास ठेवला असता. हे त्यालाही माहीत होतं, तिलाही.

"तो नाही, पिलार."

"आज नाही?"

"कधीच नव्हता. मी तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही नव्हता. तुझ्या घरी जिना दुरुस्त करायला आलो होतो, तेव्हा सगळ्या खोल्यांत बघितलं. कोणी नाही गं."

"आणि हे तू आता सांगतोस?"

"तू विचारलं नाहीस. तुझ्याजवळ तेवढंच उरलेलं दिसत होतं, ते कसं हिसकावून घेऊ? पुढे तू आवडायला लागलीस, मग तर तोंडच उघडता येईना. म्हणाली असतीस, हा स्वतःसाठी जागा करून घेतोय."

पिलारला रडू कोसळलं. चारचौघांत, वाडग्यासमोर, नाक लाल होईपर्यंत ती रडली. इतके दिवस ती रिकाम्या घराशी बोलत होती. आर्सेनिओ खरोखरच गेला होता, आणि तो गेल्याचं दुःख तिला आत्ता, या पावसाळी संध्याकाळी, पुरतं कळलं. एलिसेओनं तिला समजावलं नाही. त्यानं रुमाल तेवढा पुढे सरकवला.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. खोटं बोलून ज्याचा फायदा होता आणि तरी जो खरं बोलला, त्या साक्षीदारावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा होता. समोर तसला साक्षीदार मान खाली घालून बसला होता.

"मी यापुढेही रडेन," ती म्हणाली. "त्याच्या वाढदिवसाला तर नक्कीच."

"रड. मी कॉफी करून देईन."

"कधी कधी तुझ्याऐवजी त्याचं नाव तोंडात येईल."

"ओ देईन."

ती ओल्या डोळ्यांनीच हसली. मग टेबलावरून हात पुढे करून तिनं त्याचा हात धरला, चांगला घट्ट, सगळ्या दुकानाला दिसेल असा.

"एलिसेओ, मी उगाच त्याला विचारत बसले. आता तू मला विचार."

त्यानं विचारलं. आणि पिलार हो म्हणाली.