पटावरचा घोडा दिसेना

ही गोष्ट मी रचलेली असती, तर दाजींना तरी जरा बरं दाखवलं असतं. शेवटी माझ्या सख्ख्या ताईचे यजमान. पण घडलं तसं सांगतोय. पटलं तर पटलं. मलाही ते पटवून घ्यायचं नव्हतं.

दाजींचं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, मधे लाकडी जिना. दुपारी जेवणाच्या वेळी दुकान बंद असतं. शटर अर्धं खाली, उन्हाची तिरीप आत, आणि भिंतभर नुसत्या रिकाम्या फ्रेमा.

जे काही झालं ते याच वेळेला. भर दुपारी.

वर मागच्या खोलीत दाजींचा धाकटा भाऊ झोपून असायचा. अंगानं चांगला उंचापुरा, पण घरात त्याला सगळे बारक्याच म्हणायचे. विजेच्या कामाला गेला असताना उंचावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं.

डोकं मात्र शाबूत होतं. दाजींना नको होतं तितकं शाबूत.

ताईनं त्याच्या पलंगाला स्टँड लावून टॅब बसवून दिला होता. त्यावर तो दिवसभर ऑनलाइन बुद्धिबळ खेळायचा. दुपारी त्याचा ठरलेला भिडू एकच. वर टॅबवर तो, खाली दुकानातल्या कॉम्प्युटरवर दाजी.

दाजी रोज हरायचे. बारक्याचं हसणं छतातून खाली ऐकू यायचं. मग तो वरून ओरडायचा, "दादा, वजीर कशाला ठेवलायस पटावर? शोभेला?"

ताई हसायची. दाजीही हसायचे. पण त्यांना ते झोंबायचं. आपण दोन पायांवर उभे, आणि पलंगावरचा भाऊ आपल्याला रोज लोळवतो, हे त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं होतं.

एक दिवस टॅब चार्जिंगला लावायच्या निमित्तानं त्यांनी सेटिंग उघडलं. पटाचा रंग मळकट केला. मोहऱ्यांचा करडा केला. प्रकाश थोडा उतरवला.

इतकंच.

त्या दुपारी बारक्या पहिल्यांदा हरला.

"दादा, टॅबचं काहीतरी बिघडलंय. मोहरी नीट दिसत नाहीत."

दाजींनी टॅब हातात घेतला, उलटसुलट केला, बंद करून चालू केला. म्हणाले, "टॅब ठणठणीत आहे. तुझी नजर उतरतेय."

दुसऱ्या कोणाचं हे बोलणं बारक्यानं हसण्यावारी नेलं असतं. पण सांगणारा चष्मेवाला होता.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. ते थांबले नाहीत. पट दर थोड्या दिवसांनी अजून फिका होत गेला. शिवाय त्यांनी बारक्याच्या डोळ्यांवर चाचणीची फ्रेम चढवली, काचा बदलून बदलून बघितल्याचं सोंग केलं आणि मुद्दाम चुकीच्या नंबरचा चष्मा करून घातला. मग टॅबच काय, ताईचा चेहरासुद्धा त्याला धूसर दिसायला लागला. चष्मा काढला की दाजी दटावायचे, "काढशील तर आहे तेही जाईल!"

ताई म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू या का?"

"मग मी काय इथे भाजी विकतो?" दाजी म्हणाले. विषय संपला.

बारक्याचं खेळणं सुटलं. हसणं सुटलं. एका दुपारी त्यानं दाजींचा हात घट्ट धरला.

"दादा, पाय गेले ते गेले. पण डोळे गेले तर मी दिवसभर करू काय? खरं सांग. मी आंधळा होणार का?"

दाजी म्हणाले, "हो. हळूहळू."

हे मला पुढे दाजींनीच सांगितलं. म्हणाले, "तोंडातून निघून गेलं रे." मला नाही वाटत ते निघून गेलं. चव घेऊन बोलले असणार.

बारक्यानं हाय खाल्ली. जेवण टाकलं. तापाचं निमित्त झालं आणि तो गेला.

टॅब कपाटात गेला. दुपारी दाजी अनोळखी भिडूंशी खेळायला लागले. चांगले जिंकतही होते म्हणे.

मग एकदा, डाव रंगात आलेला असताना, पटावरचा त्यांचा घोडा...

नव्हता.

मारला गेला नव्हता. त्याचं घर रिकामं दिसत होतं. दाजींनी त्या रिकाम्या घरावर माउस नेऊन दाबला. घोडा जिथे जाऊ शकतो त्या घरांवर ठिपके उमटले. म्हणजे घोडा होता. दिसत नव्हता.

त्यांनी मला फोन लावला. आमच्याकडे कॉम्प्युटरची सगळी दुखणी माझ्याच गळ्यात पडतात. मी नेहमीचे उपाय सांगितले. पान पुन्हा उघडा. ब्राउजर बदला. कॅशे साफ करा. मोहऱ्यांचा दुसरा नमुना निवडा. कशानंच काही होईना, तेव्हा म्हटलं स्क्रीनशॉट पाठवा.

तो आला. मी नीट बघितला.

"दाजी, घोडा जागेवर आहे की!"



"तुला दिसतोय?" त्यांनी हळूच विचारलं.

दाजींनी दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यावर स्वतःचे डोळे तपासले. अगदी खालची बारीक ओळ घडाघड वाचली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, या वयात असे डोळे नशिबानं मिळतात.

मग उंट दिसेनासे झाले. मग हत्ती. एका दुपारी सगळा पटच कोरा. नुसती घरं.

आणि त्या कोऱ्या पटावर...

टक्.

कोणीतरी मोहरं सरकवल्याचा आवाज.

दाजींनी भिडूचं नाव बघितलं. बारक्याचं खातं होतं.

ते धडपडत वर गेले आणि कपाट उघडलं. टॅब तिथेच. बॅटरी कधीचीच संपलेली. खाली आले तर डावातलं त्यांचं घड्याळ चालू, चाल त्यांचीच. निरोपाच्या चौकटीत एकेक अक्षर उमटत होतं...

"दादा, कॉम्प्युटर ठणठणीत आहे."

दाजींनी वायर उपटली.

थोड्या वेळानं त्यांनी दुकान उघडलं. दार ढकलल्याचा आवाज आला. आत कोणी आलं नाही.

"ही दांडी सैल झालीय, जरा बघता का?"

आवाज अगदी समोरून. काउंटरवर एक चष्मा आपोआप टेकला. चष्म्याच्या पलीकडे... भिंत.

मोहरी संपली होती. आता माणसं सुरू झाली.

आधी गिऱ्हाइकं गेली, मग शेजारी, मग ताई. दाजींना तिची पावलं ऐकू यायची, ताट समोर सरकायचं, ती नसायची. भिंतीतला खिळासुद्धा लख्ख दिसायचा. माणूस तेवढा नाही. आरशात बघितलं तर मागची खुर्ची दिसायची, स्वतः नाही.

ताईनं मला बोलावून घेतलं. मी समोर बसलो तर दाजी माझ्या मागच्या कपाटाकडे बघत बोलत होते. तेव्हाच त्यांनी सगळं सांगितलं. टॅबचं सेटिंग, खोट्या नंबरचा चष्मा, ते "हो. हळूहळू."

ताई दारात उभी होती. ऐकत होती. त्यांना ते माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

ताई त्यांना सोडून गेली नाही. तिनं बोलणं सोडलं. अनवाणी वावरायला लागली. ताट ठेवायची तेही आवाज न करता. दाजी घरभर हाका मारत हिंडायचे, "अगं, आहेस का? एकदा तरी ओ दे!" ती त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. कठोर झाली होती माझी ताई. मला तिचा राग नाही आला.

मी साइटवाल्यांना लिहून बारक्याचं खातं बंद करून घेतलं. तसं त्यांचं उत्तरही आलं. तरी दाजींनी माझ्यासमोर कॉम्प्युटर लावला. मला दिसत होता मोहऱ्यांनी भरलेला पट, आणि भिडूची जागा रिकामी. दाजी मात्र त्या रिकाम्या जागेकडे बघत टाइप करायला लागले.

"बारक्या, मला परत कोणी दिसेल का रे?"

 मग मला न दिसणारं उत्तर त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"दिसतील, दादा... एकेक करून."

दाजींचा जीव भांड्यात पडला. मला मात्र ते 'एकेक करून' खटकलं. का, ते सांगता येईना.

त्यानंतर त्यांना समोरचे शिंपीकाका दिसले. गळ्यात टेप, ओठात टाचणी, अगदी स्पष्ट. दाजींनी धावत रस्ता ओलांडून त्यांना मिठी मारली. आख्खी गल्ली हसली. त्याच रात्री काका झोपेत गेले. वय झालं होतं, लोक म्हणाले.

मग नळ दुरुस्त करणारा दिसला. तरणाबांड पोरगा. त्याच दिवशी घरी जाताना त्याच्या गाडीला ट्रकनं उडवलं, जागीच गेला.

दाजींना हा मेळ लागला की नाही, कोण जाणे. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आणि आज दुपारी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका आनंद.

"अरे, तुझी ताई दिसली! जिन्यात उभी आहे! केस किती पिकलेत रे तिचे... मी बघितलेच नव्हते!"

मला शिंपीकाका आठवले. तेवढ्यात ताईनं फोन घेतला. रडत होती, हसत होती.

"लहान पोरासारखे मागे मागे फिरतायत रे. पाय धरायला निघाले होते. मी माफ केलं त्यांना. किती दिवस चालवायचं ते? ऐकतोयस ना?"

"ताई..."

"बोल ना."

 

"मी येतोय," इतकंच म्हटलं. "फोन ठेवू नकोस. चालूच राहू दे."

"वेडा आहेस," ती म्हणाली. पण ठेवला नाही.

हे मी बसमध्ये बसून लिहितोय. पोचायला संध्याकाळ होईल. हात रिकामे ठेवून बसवत नाही. एका कानात ताईचं घर चालू आहे. मगाशी ती गुणगुणत होती. भांडी लावत होती. दाजी काहीतरी बोलले, दोघं हसले.

आता भांड्यांचा आवाज येत नाहीये.

मी हाका मारतोय. शेजारचे प्रवासी वळून बघतायत.

लांबून दाजींचा आवाज येतोय. अजूनही हसराच आहे.

"अगं, अशी मधेच खाली का बसलीस?"