सहाची चिठ्ठी

त्याच्या सॅकमधून आधी निघाले इस्त्रीचे तीन पांढरे शर्ट. मग एक जाडजूड पुस्तक. शिट्टी नाही, दोरी नाही, साधी काडेपेटीसुद्धा नाही.

"डोंगरावर लग्न आहे का कुणाचं?" मी विचारलं.

"कुणी ठरवलंच, तर... आपली तयारी असावी," तो म्हणाला.

हा कोपऱ्यावरचा घड्याळजी. दोन वर्षांत नुसती मान हलवण्याइतकी ओळख. शुक्रवारी आमच्या गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात टॉर्च भाड्याने घ्यायला आला आणि अडकला, कारण एकट्याने डोंगर चढणाऱ्याची सॅक दुकानातल्यांनी स्वतः भरायची, असा माझ्या बाबांचा दंडक आहे.

मी टॉर्च, जादा सेल, शिट्टी, मलमपट्टी, थंडीत ऊब धरणारी, घडी केली की रुमालाएवढी होणारी चंदेरी चादर असं भरत गेले. त्याला रिकामं बसवेना. स्टुलावर चढून त्याने आमचं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं.

"आठ मिनिटं पुढे आहे हे."

"असू दे. दुकान लवकर बंद करता येतं."

"तरीच रोज माझ्या आधी निघता..."

म्हणजे बघत होता तर. मी शिट्टीची दोरी उगाचच दोनदा बांधली.

शेवटी चिठ्ठी. परतायची वेळ लिहून द्यायची. तोवर फोन आला नाही, तर आम्ही शोधपथकाला कळवतो. त्याने लिहिलं – रविवार, संध्याकाळी सहा.

"सहाला पाच कमी असताना काळजी वाटली, तर?"

"वाटणार नाही. बाबांनी एकदा घाईने पथक पळवलं होतं, त्याची बोलणी आम्ही अजून खातोय."

रविवारी मला काहीही होत नव्हतं. चारला मी काउंटर पुसला. पाचला परत पुसला. डोंगरावर धुकं उतरलं होतं. हा परत आला नाही, तर कोपऱ्यावरून जाताना मान कुणाकडे बघून हलवायची, हे मला सुचेना. ते मला अजिबात आवडलं नाही. पाच वीसला मी पथकाला फोन लावला.

सोमवारी तो दारात उभा. नाक खरचटलेलं, बाकी धडधाकट.

"पावणेसहाला पायथ्याशी पोचलो, तर सहाजण स्ट्रेचर घेऊन तयार. आडवा झाल्याशिवाय सोडेनात."

"मलाही त्यांच्या प्रमुखांनी फैलावर घेतलं."

"पण चिठ्ठीत तर सहा होते..."

"घड्याळ पुढे होतं," मी म्हणाले.

त्याने भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"शुक्रवारी मीच बरोबर लावलंय ते."

थाप मारायचीच, तर निदान घड्याळजीला मारू नये.

"नाही धरवला धीर," मी सांगून टाकलं. "तुम्ही मला परत यायला हवे होतात. बस."

त्याने काउंटरवरची कोरी चिठ्ठी पुढे ओढली. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी चिठ्ठी बाबांकडे ठेवू या. दोघांची."

मी फळीवरून दुसरी चंदेरी चादर काढली.

"त्या पांढऱ्या शर्टांतला एक आणा बरोबर," मी म्हणाले. "तयारी असावी."