चौथ्या आवृत्तीचं स्वप्न

लोणारच्या अवकाशतळावर निरोप देताना कुणी रडत नसे. सरोवराच्या काठावरून यान उठायचं, हिरव्या पाण्यात त्याचा तांबूस उजेड लांबत लांबत जायचा आणि विरून जायचा. वर्षानुवर्षांसाठी निघालेल्या माणसांची मुलं छानपैकी हात हलवायची आणि मग कुल्फीच्या रांगेत उभी राहायची. मुलं निर्दय होती म्हणावं तर तसंही नाही. त्यांच्या अंगात सुषुम्ना-९ होती, एवढंच.

सुषुम्ना म्हणजे शरीराची मूळ प्रणाली. संगणक सुरू केला की आधी एक प्रणाली जागी होते आणि बाकीचे सगळे प्रोग्राम तिच्या जिवावर नाचतात ना, अगदी तसंच. बारशाला बाळाच्या मानेमागे तांदळाच्या दाण्याएवढी चकती बसवत. आत्या कानात कुर्र करून नाव सांगे आणि त्या नावासरशी सुषुम्ना सुरू होई. ती ताप उतरवी, झोप लावी, स्वप्नं जपून ठेवी. नवव्या आवृत्तीने मात्र आणखी एक गोष्ट केली होती. शनीकडच्या पहिल्या सफरींमधली माणसं अर्ध्या वाटेवरून परत फिरली होती आणि घरी त्यांच्या मुलांनी जेवण सोडलं होतं. म्हणून तज्ज्ञांनी माणसाच्या मनातला एकच धागा अलगद उसवला. त्याचं नाव ओढ. माया तशीच ठेवली, आठवणी तशाच ठेवल्या. फक्त दूरच्या माणसासाठी आत जे तुटतं, ते तुटायचं थांबलं.

कैरवी मापारी पंधरा वर्षांची होती आणि तिच्या आत काही म्हणजे काही तुटत नव्हतं. ती चार वर्षांची असताना तिची आई, दमयंती, शनीच्या टायटन या चंद्रावर गेली आणि इंदूआत्याने तिला वाढवलं. आत्या साठीच्या पुढची. त्या वयाच्या लोकांना नवी आवृत्ती सक्तीची नव्हती, त्यामुळे ती अजून चौथीवरच होती आणि अधूनमधून आभाळाकडे बघून डोळे पुसायची. कैरवीला लहानपणी वाटायचं, आत्याला डोळ्यांचं काहीतरी दुखणं आहे.

आता अकरा वर्षांनी दमयंती परत येणार होती. उद्या दुपारी. कैरवीला आनंद झाला होता, सहलीला जायच्या आदल्या दिवशी होतो तसला. पण एक गोष्ट तिला टोचत होती. जाण्याआधी आईने तिच्यासाठी एक स्वप्न करून ठेवलं होतं. सफरीवर निघणाऱ्याला नववी आवृत्ती घ्यावीच लागे. ती घ्यायच्या आदल्या दिवशी, चौथ्या आवृत्तीवर असतानाच, दमयंतीने ते केलं होतं. कैरवी दरवर्षी वाढदिवसाला ते उघडायला जायची आणि दरवर्षी मिटल्या पापण्यांआड एकच ओळ यायची: हा प्रोग्राम या आवृत्तीवर चालणार नाही. ज्या बाईला उद्या आई म्हणून भेटायचं, तिने मागे ठेवलेली एकुलती एक गोष्ट न बघताच भेटायचं, हे काही तिला पटेना. म्हणून ती आत्याला घेऊन जीर्णोद्धार केंद्रात गेली.

जुने प्रोग्राम दुरुस्त करणाऱ्या त्या कचेरीत नागरेकाका एकटेच होते. त्यांनी कैरवीने आणलेली स्वप्नाची डबी उजेडात धरली, बोटाने पुसली आणि सांगितलं की चालवता येईल, पण दुलईत.

पूर्वसुसंगती आवरण असं त्या गोष्टीचं भलंमोठं नाव होतं, पण सगळे तिला दुलई म्हणत. नागरेकाकांनी ती कैरवीला कुकरवरून समजावली. जुन्या कुकरचं झाकण नव्या कुकरला बसत नाही, कारण दोघांचे आटे वेगळे. मधे एक कडी टाकली की बसतं. दुलई म्हणजे ती कडी, फक्त जरा लबाड. जुना प्रोग्राम जागा होताच विचारतो, मी कुठे आहे? दुलई सांगते, चौथ्या सुषुम्नेवर. तो विचारतो, घड्याळ किती वेगाने चालतंय? नवी प्रणाली इतकी चपळ की अकरा मिनिटांचं स्वप्न दोन सेकंदांत उडून जाईल. मग दुलई तिला धरून ठेवते आणि म्हणते, तुझ्याच वेगाने, सावकाश. बिचाऱ्या प्रोग्रामला शेवटपर्यंत वाटत राहतं की आपण आपल्या जुन्या घरातच आहोत.

"म्हणजे त्याला फसवायचं?" कैरवीने विचारलं.

"झोपलेल्याला पांघरूण घालण्याला फसवणं म्हणत असतील तर हो."

ती खुर्चीत बसली. स्वप्नाने पहिल्यांदा विचारलं, बारशाला कानात सांगितलेलं नाव काय? तिने कैरवी म्हटलं. नकार आला. तिने पुन्हा, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा चुकलं तर स्वप्न कायमचं पुसलं जाईल, असं नागरेकाका म्हणाले, तेव्हा इंदूआत्या खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक पाण्याची टाकी होती.

"आत्या, काय केलंस तू?"

आत्याने पदराशी चाळा करत कबूल केलं. कैरवी हे नाव तिला तेव्हा अजिबात आवडलं नव्हतं, औषधाचं वाटायचं. मग सगळ्या बायका टाळ्या पिटत असताना तिने कानात आपल्या मनातलंच नाव सांगून टाकलं होतं. एकट्या दमयंतीने ते ऐकलं होतं आणि ती गालातल्या गालात हसली होती.

"कुठलं नाव?"

"चंद्रभागा," आत्या म्हणाली.

कैरवीने कपाळावर हात मारला. पंधरा वर्षं तिची सुषुम्ना तिला चंद्रभागा समजून चालली होती, शाळेत कळलं असतं तर संपलंच असतं. पण त्या नावाने स्वप्न उघडलं, आणि उघडताच अडखळलं. पडद्यावर ओळ उमटली: ओढ सापडली नाही.

इथे नागरेकाका गंभीर झाले. जुने प्रोग्राम सगळं सामान सोबत आणत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. काही गोष्टी घरात असतीलच असं ते धरून चालतात, पाहुणा पातेलं घेऊन येत नाही तसं. दमयंतीने स्वप्न केलं तेव्हा ओढ बहुतेक सगळ्यांकडेच होती. आता दुलई ती कैरवीच्या आठवणींतूनच विणू शकत होती. पण दोन दिवसांच्या आत दुलई काढायला हवी होती, नाहीतर ती अंगात मुरणार होती आणि ओढही कायमची राहणार होती.

"उसनी ओढ?"

"उसनी नाही, पोरी. धागे तुझेच, फक्त वीण तिची."

कैरवीने मान डोलावली. तिला वाटलं, एक वेगळी चव बघायला मिळेल.

स्वप्नात काहीच घडत नव्हतं. सरोवराची पायरी होती, ऊन उतरलेलं. कैरवी आईच्या मांडीवर नव्हती, ती आई होती. मांडीवर चार वर्षांची एक मुलगी तोंड उघडं टाकून झोपली होती. तिच्या डोक्याखालचा हात बधिर झाला होता आणि तो हलवायचा नव्हता. बस. पाण्यावर बदकं इकडची तिकडे गेली. मुलीच्या कानामागे घामाचा एक थेंब होता, तो सुकेपर्यंत सगळी दुनिया थांबून राहिली होती. हात जड होत गेला, आणखी जड, जणू त्यात पाणी भरत होतं. आणि छातीत कुणीतरी दोरी बांधून ती हळूहळू, अगदी प्रेमाने, आभाळाच्या दिशेने ओढत होतं. शेवटी दोन ओठ मुलीच्या कपाळाला लागले. "येते हं," असं कुणीतरी म्हणालं. आपण म्हणालो की आईने म्हटलं, हे कैरवीला कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा ओला होता. आत्याने तिला जवळ घेतलं, आणि डोळ्यांचं ते दुखणं काय असतं हे कैरवीला पहिल्यांदा समजलं.

दुसऱ्या दिवशी यान उतरलं, तेव्हा दुलई अजून कैरवीच्या अंगातच होती. दमयंती जिना उतरून आली, वजनाची सवय मोडल्यामुळे जरा झोकांड्या खात, हसत. सुंदर दिसत होती. तिने कैरवीला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली, खरीखुरी, ऊबदार. आणि मग सोडली. कैरवीने सोडली नाही. आईने तिच्या पाठीवर थोपटलं, परत थोपटलं, आणि तिच्या खांद्यावरून कुल्फीच्या गाडीकडे बघत राहिली.

"अगं, केवढी झालीस! उंची सगळी मापाऱ्यांची उचललीस."

"तुला माझी आठवण यायची?"

"यायची की. तुझे सगळे वाढदिवस पाठ आहेत मला. तुला दुधावरची साय आवडत नाही, डाव्या गुडघ्यावर व्रण आहे. सगळं लक्षात आहे."

"तू केलेलं स्वप्न मी काल पाहिलं."

"हो का? ते मी फार जीव लावून केलं होतं." दमयंतीने जरा विचार केला. "का ते मात्र आता नीट आठवत नाही. तुझे डोळे का लाल झालेत? दाखवून येऊ या कुणाला."

तिचा आवाज काळजीचा होता. कैरवीने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. कालपर्यंत ती स्वतः अशीच दिसत असणार, रोज, इंदूआत्याला.

म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी ती आईलाच केंद्रात घेऊन आली. तिने नागरेकाकांना बाजूला नेऊन विचारलं, आईच्या नव्या प्रणालीखाली जुनी असेल ना? असेल, ते म्हणाले. दुलई टाकली तर ओढ परत येईल? येईल. पण सांभाळ, ते म्हणाले. कैरवीच्या वेळी स्वप्न छोटं होतं. दमयंतीच्या आत अकरा वर्षांच्या आठवणी होत्या, सगळ्या लख्ख, एकही न दुखलेली. दुलई त्या सगळ्या एकदम विणेल.

"किती वेळात?"

"अकरा वर्षांचं दुखणं, एका श्वासात."

दमयंती तोवर खुर्चीत जाऊन बसलीही होती. बस म्हणतेस तर बसते, काय असेल ते असेल, असं म्हणत पाय हलवत होती. तिचा पूर्ण विश्वास होता. कैरवीने दुलई सुरू करायच्या कळीवर बोट ठेवलं. एक बोट दाबलं की आई तिची होणार होती, जशी त्या पायरीवर होती तशी. तिने ते बोट किती वेळ तिथे ठेवलं, कुणास ठाऊक. मग अलगद उचललं.

"झालं?" दमयंतीने विचारलं. "मला तर काहीच वाटलं नाही. बरं, ऐक ना, पुढची सफर मार्चात ठरतेय. नऊच वर्षांची आहे. येशील ना सोडायला?"

"येईन," कैरवी म्हणाली.

आई हात धुवायला गेली. नागरेकाकांनी घड्याळाकडे पाहिलं. कैरवीची दुलई मुरायला अजून चाळीस मिनिटं होती, खुर्ची मोकळी होती. बसलीस तर पाच मिनिटांत निघेल, त्यांनी सांगितलं, आणि मार्चात काही जड जाणार नाही.

"माझी दुलई काढली तर तिच्यामागे वाट बघत कोण थांबणार?" कैरवी म्हणाली, आणि मोकळ्या खुर्चीच्या पाठीला धरून मिनिटं संपेपर्यंत उभी राहिली.